दुसरा कोरा कागद

दिगू, ही गोष्ट मी अकरा वर्षं टाळली. टाळायला फार कष्ट पडले असं म्हणालो तर तेही खोटं होईल. दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, तू समोर असायचास, आणि आपल्या दोघांना बोलायला दुसरं काहीतरी मिळायचंच. पंचाने दिलेला चुकीचा पायचीत, टॉस जिंकून फिल्डिंग घेणारा कॅप्टन, मॅटिंगच्या खिळ्याला अडकून उडालेला चेंडू. आता तू नाहीस, आणि बोलायला हा एकच विषय उरला आहे.

क्लबच्या पोरांनी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत, सीझनअखेरच्या स्मरणिकेसाठी. "काका, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखत होतं?" असं म्हणाले. त्यांना शिस्तप्रिय, क्रिकेटवेडा असं काहीतरी हवं आहे, आणि एक फोटो. ते मी लिहिणार नाही. तुझी नोकरी, तुझी गावं, शैलावहिनींना ते सगळं माहीत आहे आणि बाकीच्यांना त्याचं काही पडलेलं नाही. मी तुलाच लिहितो आहे. ज्यांना वाचायचं आहे त्यांनी मागे उभं राहून वाचावं. त्यातल्या निम्म्या लोकांचा ह्या गोष्टीशी संबंध आहे.

शोकसभेत तुझ्याबद्दल चांगलं बोलायला अकरा जण उठले. मी मोजले, कारण दुसरं काही करवत नव्हतं. त्यातल्या सात जणांनी तुझ्याशी बोलणं सोडलं होतं. एकाने तर डोळे पुसले. हाच माणूस अकरा वर्षांपूर्वी आपल्या गाड्यांच्या सावलीत खुर्ची टाकून सगळ्यांना सांगत होता की दिगंबररावांनी इगोपायी टीम बुडवली. मी त्याच्या शेजारी बसून थर्मासमधला चहा ओतत होतो. मी काही बोललो नव्हतो. शोकसभेतही नाही बोललो.

टीम आपल्या दोघांची होती. म्हणजे पीचवर अंथरायचं मॅटिंग आपल्या दोघांचं होतं. रिग्गईतल्या तुझ्या बिल्डिंगच्या जिन्याखाली ते गुंडाळून ठेवलेलं असायचं, आणि शुक्रवारी पहाटे ते माझ्या गाडीच्या टपावर बांधून आपण मैदानावर न्यायचो. आदल्या दिवशी धुळीचं वादळ येऊन गेलेलं असलं की काँक्रीटच्या पट्टीवरची वाळू झाडायला अर्धा तास जायचा. झाडू तुझ्या हातात आणि सूचना माझ्या. गॅरेजवाले अण्णाशेठ टीम घ्यायला आले तेव्हा तू विचारलं होतंस, "टीम विकायची म्हणजे विकायचं काय रे मन्या? मॅटिंग? स्टंपा?" मी म्हटलं, विकायचं नाही, मालक आणायचा आहे. पोरांना चांगले कपडे मिळतील, पक्क्या पीचचं मैदान मिळेल. तू म्हणालास, मालक आला की आपण पाहुणे. महिनाभर वाद चालला. मैदानाकडेला खुर्च्या टाकून बसणाऱ्या आपल्या मंडळींत मतदान झालं, तू हरलास. मग तूच क्लबचा सेक्रेटरी झालास, कारण कागदपत्रं नीट ठेवणारा दुसरा कुणी नव्हता. हरल्यावर रुसून बसणं तुला जमत नव्हतं. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

अण्णाशेठना मी आज फारसा दोष देत नाही. शुवैखमध्ये गॅरेज चालवणारा माणूस. एक पार्ट काढून दुसरा बसवणं हाच त्यांचा धंदा, आणि टीमकडेही ते तसंच बघायचे. त्या डिसेंबरात त्यांना आपला कीपर रियाझ देऊन समोरच्या टीमचा एक उंच, आडदांड बॅट्समन आणायचा होता. समोरच्या टीमचा मालक एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत होता आणि त्या कंपनीच्या गाड्या दुरुस्तीला अण्णाशेठकडे यायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं. खुर्चीवाल्यांत दोन तट पडले. सिक्सर हवेत की स्टंपांमागे माणूस हवा, ह्यावर लोक ऑफिसच्या वेळात फोन करून भांडत होते. तू ठाम होतास. सीझनच्या मध्यात कीपर सोडायचा नसतो, बॉलरला त्याची सवय झालेली असते. हे वाक्य मी तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते माझ्याच आवाजात ऐकू येतं.

बाहेरच्या वाचकासाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात, तुला नाही. इथे आखातात नोकरी बदलायची तर जुन्या कंपनीचा रिलीज, म्हणजे सोडपत्र, लागतो. आपल्या लीगनेही तोच नियम उचलला होता. खेळाडू दुसऱ्या टीमकडे जायचा तर सेक्रेटरीच्या सहीचा रिलीज हवा. तुझी सही नाही, तर रियाझ कुठे जात नाही, आणि तू सही करणार नव्हतास.

दुसरी गोष्ट अशी की त्या काळी इथे सुट्टीवर जाताना सगळेच विश्वासाच्या माणसाकडे सही केलेले कोरे कागद ठेवून जायचे. मागे काय अडेल सांगता यायचं नाही. मंदूब, म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस, ऐनवेळी कुठलं पत्र मागेल, मुलांची शाळा काय मागेल, घरमालक काय मागेल. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. माझे कागद तुझ्याकडे असायचे, तुझे माझ्याकडे. तुझ्याकडून माझ्या कागदांचा कधी एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

नाशिकहून फोन आला, आई शेवटच्या घटका मोजते आहे म्हणून, आणि तू दुसऱ्या दिवशीच्या विमानाने निघालास. विमानतळावर जाताना गाडीत तू मला क्लबच्या लेटरहेडचे दोन कोरे कागद दिलेस, खाली सही केलेले. "नव्या पोरांची नावनोंदणी राहिली आहे. लागलं तर वापर, नाही तर परत दे." सहीखाली तुझी ती आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. मी ते गाडीच्या कप्प्यात ठेवले. तू आईबद्दल बोलत होतास आणि मी रस्ता बघत होतो.

चार दिवसांनी मी गाडीच्या ब्रेकसाठी शुवैखला गेलो होतो. अण्णाशेठ चहा घेऊन आले. म्हणाले, "मनोहरभाऊ, अदलाबदलीची मुदत सोमवारी संपते. दिगंबरराव असते तरी सही दिली नसती, आणि आता तर ते गावालाच आहेत. राहिलं म्हणायचं."

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मालकाने गळ घातली, मी नोकरदार माणूस, काय करणार. कुणी गळ घातली नव्हती. कोरे कागद आहेत हे त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं. मीच म्हणालो, "सहीचा कागद माझ्याकडे आहे."

अण्णाशेठनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आणि कीपिंग कोण करणार?"

"अमेय आहे की."

ते हसले. "म्हणजे तुमचंही काम होतंय."

माझा अमेय तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि दोन सीझन राखीव कीपर म्हणून ग्लोव्ह्ज मांडीवर घेऊन बसला होता. दर शुक्रवारी त्याची आई त्याचे कपडे इस्त्री करायची आणि दर शुक्रवारी ते तसेच परत यायचे. मला ते बघवत नव्हतं. एवढंच कारण आहे, दिगू. ह्याहून मोठं काही सापडतं का म्हणून मी खूप शोधलं.

ऑफिसमध्ये बसून मी मजकूर टाइप केला. तुझी सही कागदावर जरा वर आलेली होती. मजकूर सहीवर चढू नये म्हणून मी साध्या कागदावर तीनदा छापून, उजेडापुढे धरून, ओळी जुळवल्या. आमच्या क्लबला खेळाडूस मुक्त करण्यास हरकत नाही. तीन ओळी. काम इतकं नीट झालं की मला समाधान वाटलं. तेही आठवतं.

त्याच आठवड्यात तुझी आई गेली. रियाझने तुला नाशिकला दोनदा फोन केला. तू विधींच्या गडबडीत, तू उचलला नाहीस. त्याने त्याचा अर्थ त्याच्या परीने लावला. तू निघण्याआधीच्या शुक्रवारी तो नोकरीतल्या, गॅरेजच्या कामामुळे उशिरा आला म्हणून तू त्याला सगळ्यांदेखत झापलं होतंस. लोकांना तेवढं पुरलं. जो पोरगा दर शुक्रवारी मॅच झाली की तुझ्या घरी थालीपीठ खायला यायचा, त्याला दिगूकाकांनी हाकललं. कपडे बदलावे तशी खुर्चीवाल्यांनी बाजू बदलली. कालपर्यंत सिक्सर हवेत म्हणणारे रियाझसाठी हळहळू लागले.

तू परतलास तेव्हा डोक्यावर नुकते केस उगवत होते. गुरुवारी संध्याकाळी कमिटी बसली, माझ्याच घरी. कुणीतरी तो कागद तुझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, हे काय आहे दिगंबरराव? तू चष्मा लावलास, वाचलंस. पुन्हा वाचलंस. मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभा होतो. मला वाटलं, आता तू मान वर करशील. तू मान वर केली नाहीस.

"सही माझी आहे," तू म्हणालास.

"म्हणजे तुम्हीच दिलात?"

"सही माझी आहे म्हटलं ना. जबाबदारी माझी."

मग बराच वेळ सगळे बोलत होते आणि तू कागदाची घडी घालत होतास. त्या दिवशी तू सेक्रेटरीपद सोडलंस. सोडलंस म्हणजे त्यांनी काढून घेतलं. मी तुला लिफ्टपर्यंत सोडायला आलो. लिफ्ट येईपर्यंत तू बटणाकडेच बघत होतास. मग विचारलंस, "मन्या, दुसरा कागद कुठे आहे?"

इथे मी बोलायला हवं होतं. तू मला रागावून विचारलं नव्हतंस. घरचं माणूस किल्ली कुठे ठेवली विचारतं तसं विचारलं होतंस.

मी म्हणालो, "फाडून टाकला."

"बरं केलंस," तू म्हणालास, आणि लिफ्ट आली.

त्या सीझनला अमेयने सात कॅच सोडले. तो उंच बॅट्समन तीन मॅच खेळून कंपनीच्या कामाने सौदीला गेला. टीम उपांत्य फेरीलासुद्धा पोचली नाही. शेवटच्या मॅचनंतर अमेयने ग्लोव्ह्ज गाडीच्या डिकीत टाकले आणि पुन्हा कधी काढले नाहीत. मी काहीतरी समजूत घालायला गेलो तर म्हणाला, "बाबा, आय नेव्हर आस्क्ड फॉर इट." आता तो कॅनडात आहे. क्रिकेट बघतसुद्धा नाही. ज्याच्यासाठी मी हे केलं त्याला ते नको होतं, हे मला त्याला एकदा विचारून कळलं असतं.

तू मात्र येणं सोडलं नाहीस. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, एकटीच तुझी पांढरी गाडी उभी असायची. आत तू, मांडीवर स्कोअरची वही. अधिकृत स्कोअरर दुसराच होता, पण एखाद्या चेंडूची नोंद हुकली की पोरं धावत तुझ्याच गाडीकडे यायची विचारायला. पहिली दोन वर्षं मी तिकडे फिरकलो नाही. मग एक दिवस येऊन बसलो, आणि तू चहाचा कप पुढे केलास. त्यानंतर दर शुक्रवारी तेच. आपण भांडायचो. नव्या मालकावर, कॅप्टनवर, कुणाला घेतलं आणि कुणाला सोडलं ह्यावर. आणि फिरून फिरून तू त्याच जागी यायचास. "मला एवढंच सांग मन्या, सीझनच्या मध्यात कीपर कोण सोडतो? डोकं ठिकाणावर असलेला माणूस सोडेल?" मी अण्णाशेठवर ढकलायचो. मालकांना काय कळतं क्रिकेटमधलं. तू म्हणायचास, "मालकाला नसेल कळत. बाकीच्यांना?" मी विषय बदलायचो. तुला वादात जिंकायची हौस आहे, असं मी घरी येऊन बायकोला सांगायचो.

तुझ्यावर माझा रागही आहे, दिगू. तो लिहिला नाही तर हे पुन्हा अर्धंच होईल. तुला सगळं माहीत होतं. कागद एकाच माणसाकडे होते. त्या कमिटीत एक वाक्य बोलला असतास तर मी तिथेच तोंडावर पडलो असतो, दोन वर्षं लोकांची नजर चुकवत फिरलो असतो आणि मग सुटलो असतो. तू मला सुटू दिलं नाहीस. माझं नाव झाकलंस आणि मग नऊ वर्षं दर शुक्रवारी चहा पाजलास. ही मैत्री होती की शिक्षा, हे मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. आता लिहिताना लाज वाटते की मेलेल्या माणसाकडूनही मी खुलासा मागतो आहे.

शेवटचा शुक्रवार. हल्लीची आयटीवाली पोरं टीम चालवतात, मोबाइलवर लिलाव करतात. त्यांचा कीपर रिलीज मागत होता आणि तू चिडला होतास. त्यांना सांग, देऊ नका म्हणावं. मी म्हटलं, आपलं कोण ऐकतं. मग बराच वेळ तू काही लिहिलं नाहीस. एक अख्खी ओव्हर वहीत यायची राहिली, असं तुझ्याकडून कधी झालं नव्हतं. तू पेन बंद केलंस आणि समोरच बघत म्हणालास, "मन्या, तुला काही बोलायचं आहे का?"

मी म्हणालो, "चहा आहे का अजून?"

तू ओतलास. रविवारी सकाळी मीना अब्दुल्ला भागातल्या तुझ्या साइटवरून फोन आला, तू पोर्टा केबिनमध्ये टेबलावर डोकं ठेवलंस ते ठेवलंसच.

पुढचे तीन दिवस मी तुझे कागद करत फिरलो. माणूस इथून घरी न्यायचा तर किती ठिकाणी सह्या लागतात, ते तुला सांगायला नको, तू कितीजणांसाठी केलं आहेस. प्रत्येक फॉर्मवर नातं विचारतात. मी प्रत्येक ठिकाणी मित्र लिहिलं आणि खाली सही केली. ह्या वेळी माझी.

शवागाराबाहेर रियाझ आला होता. दाढी पिकायला लागली आहे त्याची, शुवैखला स्पेअर पार्टच्या दुकानात मॅनेजर आहे. तुला बघून बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मला म्हणाला, "मनोहरकाका, एक विचारायचं होतं. दिगूकाकांना माझा एवढा राग का आला होता?"

"राग नव्हता रे."

"मग कागद का दिला? मी त्यांच्या घरचा होतो. उशीर झाला म्हणून कुणी घरच्याला सोडतं का? मी पण अडून बसलो, गेलो नाही परत. आता कुणाला विचारू?"

मला विचार, एवढं म्हणायचं होतं. तेवढ्यात आतून कुणीतरी माझं नाव पुकारलं, रजिस्टरमध्ये सही हवी होती. मी गेलो. बाहेर आलो तेव्हा तो निघून गेला होता.

बुधवारी विमानतळावर शैलावहिनी शांत होत्या. मी त्यांच्या बॅगा चढवल्या, पासपोर्ट हातात दिला. आत जाण्याआधी त्या थांबल्या. "भावजी, मी ह्यांना कितीदा म्हटलं, एकदा विचारून टाका मनोहरभावजींना. तर म्हणायचे, विचारायचं नाही, तो सांगेल." एवढं बोलून त्या आत गेल्या. म्हणजे त्या घरातही सगळ्यांना माहीत होतं. आणि मी तिथे दर दिवाळीला फराळ खात होतो.

दुसरा कागद मी फाडला नव्हता. तो माझ्याकडेच आहे, आत्ता समोर आहे. लेटरहेडवरचा टेलिफोन नंबर आता बंद झाला आहे. वर सगळं कोरं, खाली तुझी सही, रेघ आणि दोन टिंबं. काल वाटलं, हे सगळं ह्याच कागदावर लिहावं. पेनही उघडलं. मग लक्षात आलं की तुझ्या सहीच्या वर मी जे लिहीन ते तुझं म्हणणं होईल. ते मी एकदा केलं आहे. म्हणून हे माझ्या कागदांवर लिहिलं. ह्याची एक प्रत स्मरणिकेला जाईल. त्यांनी छापली नाही तर मी स्वतः वाटेन. एक प्रत घेऊन उद्या शुवैखला रियाझच्या दुकानात जाणार आहे. तुझा कोरा कागद शैलावहिनींना नाशिकला पाठवतो आहे, न वापरलेला. तू परत दे म्हणाला होतास.

दिगू, रियाझला तू सोडलं नाहीस, मी सोडलं. तुझी आई जात असताना तुझ्या सहीवर मी ते केलं, आणि लिफ्टपाशी तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो, आणि त्या शुक्रवारी तू पुन्हा विचारलंस तेव्हा चहा मागितला. मला बोलायचं होतं. हेच बोलायचं होतं. मला माफ कर.

मनोहर